औषधाला दाद न देणारे जंतू

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "हॉस्पिटलमधले जंतू." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, सणासुदीचे दिवस आहेत, मधुमेहावर बोलला असतात तर..." मी म्हटलं, उकडीच्या मोदकांच्या ताटासमोर मधुमेहावर बोलणं जास्त क्रूरपणाचं होईल. तेव्हा जंतूंवर तडजोड झाली.

या सभागृहातल्या निम्म्या लोकांकडे माझा फोन नंबर आहे. रात्री दहाच्या सुमारास फोन येतो. "डॉक्टर, घसा धरलाय. घरात अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या उरल्यात, घेऊ का?" कबूल करतो, या शहरात आल्यावर पहिली दहा-बारा वर्षं मी "घ्या" म्हणत आलो. घ्या म्हटलं की फोन लवकर संपतो. आपला माणूस, परमुलखात आपल्याशिवाय विचारणार कुणाला, असंही वाटायचं. त्या "घ्या"पर्यंत मी आज येणार आहे, पण सुरुवात दुसरीकडून करतो.

२०१० सालची गोष्ट. नांदेड जिल्ह्यातले एक शेतकरी आमच्या अतिदक्षता विभागात आले. नांदेड, लातूरकडची माणसं मोठ्या दुखण्याला पुण्या-मुंबईऐवजी हैदराबाद गाठतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पेशंट मराठी निघाला की नर्स मला हाक मारते, "सर, मी मंदी", म्हणजे तुमची माणसं. यांचा मोटरसायकलचा अपघात झाला होता, डोक्याला मार. ऑपरेशन चांगलं झालं. व्हेंटिलेटरवर होते, पण बोटं हलवू लागले होते. नवव्या दिवशी ताप आला, नळीतून घट्ट पिवळा कफ यायला लागला, एक्स-रेवर उजव्या फुप्फुसात पांढरा डाग. कफ तपासायला पाठवला.

अशा तपासणीचा कागद कसा असतो ते सांगतो. वर जंतूचं नाव. खाली औषधांची यादी, पंधरा-वीस ओळींची. प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. 'एस' असेल तर औषध चालतं, 'आर' असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. यांच्या कागदावर जंतूचं नाव होतं ॲसिनेटोबॅक्टर. खाली आर, आर, आर. सगळ्यात शेवटच्या ओळीत एकच एस होता, कोलिस्टिनपुढे.

कोलिस्टिन हे आमच्या विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकात जेमतेम एका परिच्छेदाचं औषध होतं. १९५० च्या सुमारास जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं. मूत्रपिंडांना आणि नसांना इजा करतं म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. त्याहून सुरक्षित औषधं आली होती. परीक्षेत कुणी विचारत नसे. अडगळीच्या खोलीतला जुना कंदील वीज गेल्यावर शोधावा, तसं जगभरच्या डॉक्टरांनी ते वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा बाहेर काढलं. पण त्याचं माप कुणाला नीट ठाऊक नव्हतं. एका कंपनीच्या कुपीवर युनिट, दुसरीच्या कुपीवर मिलिग्रॅम. पहिला डोस भरपूर मोठा द्यावा लागतो, नाहीतर रक्तात पुरेसं प्रमाण व्हायला दोन-तीन दिवस जातात, हे ज्ञान तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं. आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. आम्ही कुपीसोबतच्या जुन्या कागदाप्रमाणे दिलं.

ताप सहाव्या दिवशी उतरला. त्याच दिवशी लघवी कमी झाली. डायलिसिस सुरू केलं. डायलिसिसच्या नळीतून दुसरा जंतुसंसर्ग झाला आणि त्यात ते गेले. त्यांचा मुलगा विशी-बाविशीचा होता. कागदपत्रं घेताना त्याने मला शांतपणे विचारलं, "साहेब, डोक्याचा मार बरा झाला होता ना?" मी म्हटलं, हो, झाला होता. तो म्हणाला, "मग काय झालं?" मी त्याला इन्फेक्शन, किडनी असे शब्द सांगितले. त्याने मान डोलावली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

जंतू असे का होतात? तुम्ही म्हणाल, औषधाची सवय झाली. आपण सगळे असंच बोलतो, पण सवय शरीराला होत नाही. जंतू बदलतात. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशेब करून बघा: एका जंतूपासून दहा तासांत शंभर कोटींच्या वर. इतक्या नकला करताना चुका होणारच. एखादी चूक अशी निघते की त्या जंतूला औषध लागू पडत नाही. औषध नसेल तर तो गर्दीत हरवून जातो. औषध आलं की बाकीचे मरतात आणि सगळं रान त्यालाच मोकळं मिळतं. शिवाय ही विद्या ते एकमेकांना देतात. परीक्षेत मागच्या बाकावर चिठ्ठी सरकवावी तशी जनुकांची एक छोटी गोल चिठ्ठी, तिला प्लाझ्मिड म्हणतात, एक जंतू दुसऱ्याला देतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. त्यांच्यात जातपात आपल्यापेक्षा कमी आहे.

पेनिसिलिन कापून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, शास्त्रज्ञांनी १९४० साली नोंदवलं. तेव्हा हे औषध अजून सर्रास वापरातसुद्धा आलेलं नव्हतं. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच बजावलं होतं की कमी मात्रेत घेतलं तर जंतू शिकतील. पुण्याकडच्या मंडळींना पिंपरीची एच. ए. आठवत असेल. १९५४ साली स्थापन झालेला, देशाचं पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना. आणि माझ्या तेलुगू मित्रांना आठवण करून द्यायला नको की ऑरियोमायसिन, म्हणजे टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं औषध, १९४८ साली अमेरिकेत ज्यांच्या हाताखालच्या प्रयोगशाळेतून आलं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे. या औषधांनी माणसाचं आयुष्य किती वाढवलं ते पुढच्या रांगेतल्या आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी न्यूमोनिया झालेलं घर कसं असायचं, ते त्यांनी पाहिलं आहे.

आता जरा दुखऱ्या भागाकडे येतो. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला नावाचा जंतू सापडला. ते गृहस्थ त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होते. या जंतूकडे असं एक विकर होतं की कार्बापेनेम, म्हणजे तेव्हा आमच्या भात्यातला जवळजवळ शेवटचा बाण, तोही ते कापून टाकायचं. त्याला नाव दिलं न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मोठा लेख आला आणि आपल्याकडे एकच गदारोळ उठला. संसदेत प्रश्न झाले. आमचे पर्यटक-रुग्ण पळवण्याचा हा डाव आहे, असं म्हटलं गेलं. जंतूला राजधानीचं नाव द्यायला नको होतं, हे मलाही वाटतं. त्या नियतकालिकाच्या संपादकांनी पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण भांडण नावावर झालं आणि जंतू बाजूला राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे त्या गदारोळाच्या पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात लिहिलं होतं की त्यांनी तपासलेल्या कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ कडे हे विकर आहे. परदेशी लेखावर रागावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला होता, कुणास ठाऊक. मीही नंतरच वाचला.

आपल्या शहराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सिकंदराबादेत १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला, याचा आपण अभिमान सांगतो. सांगावाच. पण २००७ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी इथून जवळच्या पटानचेरूला, सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. शुद्ध केलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. ते पाणी ओढ्यांतून नदीकडे जाणार. ओढ्यातल्या जंतूंसाठी ही चोवीस तासांची शिकवणीच. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला. २०२१ साली अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या. या सभागृहात औषध उद्योगातले बरेच जण आहेत, माझे शेजारीही आहेत. जगाला स्वस्त औषध तुम्ही देता, माझे पेशंट त्यावरच जगतात. तरी हे बोलणं भाग आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायची की नाही यावर घरी दोन दिवस चर्चा झाली.

२०१३ च्या पावसाळ्यात मी ज्या अतिदक्षता विभागाचा प्रमुख होतो, तिथे तीन आठवड्यांत सात रुग्णांना एकाच तऱ्हेचा क्लेब्सिएला झाला. सातही कागदांवर तीच आर-एसची रांग. एखाद-दुसरा असता तर आम्ही रुग्णाला दोष दिला असता, वय झालं होतं, मधुमेह होता, वगैरे. सात म्हटल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम खाली आल्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी व्हेंटिलेटरच्या नळ्या, खाटांचे कठडे, मॉनिटरची बटणं, मलमाची डबी, सगळ्यांचे नमुने घेतले. मग म्हणाल्या, "आता हात." डॉक्टर, नर्स, आया, वॉर्डबॉय, एक्स-रेवाला, सगळ्यांनी पाची बोटं एकेका काचेच्या ताटलीतल्या पोषक थरावर टेकवायची. ताटलीवर नाव नाही, फक्त नंबर. आपला नंबर आपल्याला ठाऊक.

तीन दिवसांनी त्यांनी टेबलावर ताटल्या मांडल्या. बहुतेकांवर नेहमीचे निरुपद्रवी ठिपके. हात धुण्याच्या बेसिनच्या जाळीचा नमुना मात्र तुडुंब भरलेला, तोच क्लेब्सिएला. उरलेलं सलाईन, रुग्णांच्या तोंड धुण्याचं पाणी, सगळं आम्ही त्याच बेसिनमध्ये ओतत होतो आणि तिथेच हात धुत होतो. नळाची धार सरळ जाळीवर पडायची आणि तुषार हातांवर, शेजारच्या ट्रॉलीवर उडायचे. आणि हातांच्या ताटल्यांपैकी दोनांवर तेच गुलाबी, चिकट, मोठाले ठिपके होते. नऊ नंबर आणि चौदा नंबर.

चौदा नंबर माझा होता.

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेत वडिलांनी दिलेली पुष्कराजाची अंगठी असायची. चौदा नंबरच्या ताटलीवर सगळ्यात दाट वाढ अनामिकेच्या जागी होती. मॅडम काही बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. "अंगठीखाली जंतू राहतात, नुसतं हात चोळून जात नाहीत," एवढं सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. त्या सातांपैकी तीन जण गेले. माझ्या हातातून कुणाला काय गेलं, हे सिद्ध करता येत नाही. माझ्या हातातून काहीच गेलं नाही, हेही सिद्ध करता येत नाही. मी रोज सकाळी राउंडमध्ये सगळ्यांना तपासायचो, आणि दोन खाटांच्या मध्ये हात चोळायला वीस-तीस सेकंद लागतात ती माझ्याकडे नसायची. प्रमुख होतो ना.

बेसिन बदलली, उरलंसुरलं ओतायची जागा वेगळी केली, प्रत्येक खाटेच्या पायाशी हाताला लावायच्या अल्कोहोलची बाटली टांगली. दोन महिन्यांत तो जंतू विभागातून गेला. एकही नवीन औषध लागलं नाही. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा सहकाऱ्यांना तो अपमान वाटला होता. मला तो राग आतून समजतो.

माझ्या सहकाऱ्यांसाठी थोडं उपचारांबद्दल बोलतो. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण नातेवाईक म्हणून कधीतरी काचेच्या त्या बाजूला उभं राहावं लागतं.

२०२२ साली एक तरुण शिक्षिका आली. मूत्रनलिकेत खडा अडकलेला, थंडी वाजून ताप, रक्तदाब कोसळलेला. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचे नमुने घेतले. ते नंतर घेतले तर जंतू वाढत नाहीत आणि आपण अंधारात चाचपडत राहतो. लगेच एक मोठ्या पल्ल्याचं औषध सुरू केलं आणि त्याच रात्री मूत्ररोगतज्ज्ञांनी पाठीतून नळी घालून मूत्रपिंडात तुंबलेला पू काढला. ही नळी महत्त्वाची. पू साठलेल्या जागी औषध नीट पोचत नाही. गळू तसंच ठेवून महागडी इंजेक्शनं देणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं. गेल्या काही वर्षांत मी जे गंभीर रुग्ण वाचलेले पाहिले, त्यांत बऱ्याच जणांचं श्रेय औषधापेक्षा वेळेवर काढलेल्या पुवाला किंवा वेळेवर उपसलेल्या नळीला आहे.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. क्लेब्सिएला, एनडीएमवाला. २०१० साली असतो तर पुन्हा तोच कंदील हातात घेतला असता. आता एक युक्ती आहे. या जंतूकडे दोन प्रकारच्या कात्र्या असतात असं समजा. एनडीएम ही कात्री जवळजवळ सगळी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं कापते, पण ॲझट्रिओनाम नावाचं एक जुनं औषध तिच्या पात्यात बसत नाही. मग एकटं तेच का देऊ नये? कारण जंतूकडे दुसरी कात्री असते, आणि ती नेमकी ॲझट्रिओनाम कापते. ॲव्हिबॅक्टम नावाचं रसायन ही दुसरी कात्री बोथट करतं. आपल्याकडे ॲव्हिबॅक्टम सेफ्टाझिडिमच्या जोडीने कुपीत येतं, म्हणून ती कुपी आणि ॲझट्रिओनाम बरोबरीने द्यायचं. चालेल का, हे मॅडमनी आधी प्रयोगशाळेत ताटलीवर बघितलं. चाललं. पाचव्या दिवशी ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. खर्च मात्र दिवसाला हजारांच्या घरात होता. तिच्या वडिलांनी गावाकडचा प्लॉट विकला, हे मला नंतर कळलं. पिंपरीच्या पेनिसिलिनच्या काळात जंतूला हरवायला कुणाला जमीन विकावी लागत नसे.

नवीन औषधं येताहेत, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे, हे आनंदाने सांगतो. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एन्मेटाझोबॅक्टमला सेफेपिमच्या जोडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेची मान्यता मिळाली. मुंबईच्या वोकहार्टचं संशोधन आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला चालतं; न्यूमोनियासाठी त्यांचं नाफिथ्रोमायसिन भारतात मान्य झालं आहे. पण एक औषध यायला दहा वर्षांच्या वर लागतात, आणि जंतूला वीस मिनिटं.

नातेवाईकांशी आमचा सगळ्यात मोठा वाद होतो तो औषध न देण्यावरून. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नळीतून नमुना घेतला की त्यात जंतू निघतोच. ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, प्राणवायूची गरज वाढलेली नाही, तर तो जंतू तिथे नुसता वस्तीला आहे. त्याला मारायला गेलं तर त्याच्या जागी त्याहून वाईट भाडेकरू येतो. पण कागद फोनवरून पुण्याच्या मामांकडे गेलेला असतो, आणि मामा म्हणतात, "अहो, रिपोर्टमध्ये जंतू दिसतोय आणि डॉक्टर स्वस्थ बसलेत!" स्वस्थ बसणं हे आमच्या धंद्यातलं अवघड काम आहे.

याचा अर्थ हात आखडता घ्यायचा असा मात्र नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, रक्तात शिरलेल्या अशाच एका प्रतिरोधी जंतूसाठी थोडं कमी ताकदीचं औषध देऊन कार्बापेनेम वाचवता येईल का, हे पाहिलं. कमी ताकदीच्या गटात ३० दिवसांत १२.३ टक्के रुग्ण गेले, कार्बापेनेमच्या गटात ३.७ टक्के. म्हणजे जिथे लागतं तिथे ते लागतंच. वाचवायचं ते इतर ठिकाणी.

"कोर्स पूर्ण करा" हे वाक्य आम्हीच तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं. आता त्यात थोडी दुरुस्ती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात देशांतल्या ७४ रुग्णालयांची, ३,६०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. रक्तात जंतू शिरलेल्यांना सात दिवस औषध दिलं काय आणि चौदा दिवस दिलं काय, सात दिवसवाले कुठे कमी पडले नाहीत. कमी दिवस म्हणजे पोटातल्या बाकीच्या जंतूंना कमी शिकवणी. पण दिवस किती, ते डॉक्टरांनी ठरवायचं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी आपणच गोळ्या बंद करून उरलेल्या फ्रीजच्या दारात ठेवायच्या, असं नाही. आणि क्षयरोगाला यातलं काहीही लागू नाही. तिथे महिने ते महिनेच.

आता त्या "घ्या"कडे येतो. घशाची बहुतेक दुखणी विषाणूंची, त्यांच्यावर अझिथ्रोमायसिनचा काही उपयोग नाही. पण गोळी नुसती वाया जात नाही. ती पोटात जाते, आतड्यातले साधे जंतू मारते, दाद न देणारे राहतात. ते आपल्याला काही करत नाहीत. महिनोन्‌महिने गुपचूप राहतात. मग एखाद्या दिवशी खुब्याचं हाड मोडतं, रुग्णालयात लघवीची नळी घालावी लागते, आणि नळीतून वर चढतो तो हाच. रात्री दहाच्या फोनचं बिल असं दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्याच खात्यावर येतं. नांदेडच्या त्या मुलाच्या "मग काय झालं?"चं उत्तर यात कुठेतरी आहे: बेसिन, माझ्यासारख्यांचे हात, कोंबड्यांच्या खाद्यात जाणारं कोलिस्टिन, ज्यावर सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, पटानचेरूचं पाणी, आणि असे हजारो फोन. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ बघा. ती असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मार्च २०१४ पासून यातल्या अनेक औषधांची मेडिकलवाल्याला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. तुमच्या कोपऱ्यावरचा ठेवतो का, हे मी विचारणार नाही, कारण तो माझ्याही कोपऱ्यावरचा आहे.

भाषण इथे संपलं. पुढची प्रश्नोत्तरं कार्यवाहांच्या आग्रहावरून देतो.

एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, गंगेच्या पाण्यात जंतू मरतात हे खरं का? अर्धं खरं आहे. १८९६ साली आग्र्याच्या हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं नोंदवलं होतं. जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. त्यामुळे तसं होत असावं असं पुढे मानलं गेलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीला त्यावर शंभर वर्षं काम चालू आहे. आपल्याकडे तो अजून नेहमीचा उपचार नाही. गंगेचं पाणी देव्हाऱ्यात ठेवा, जखमेवर घालू नका.

एका ताईंनी विचारलं, मग रात्री फोन करायचा की नाही? जरूर करा. दम लागत असेल, ताप तीन दिवसांच्या वर गेला असेल, बाळ दूध पीत नसेल, तर दोन वाजतासुद्धा करा. फक्त गोळीचं नाव तुम्ही सांगू नका.

शेवटचा प्रश्न सतरंजीवरून, पाचवीतल्या मुलीचा: "काका, तुमच्या हातावरचे जंतू गेले का?" गेले, बाळा. मॅडमनी पंधरा दिवसांनी पुन्हा ताटली घेतली, ती स्वच्छ आली. अंगठी तेव्हापासून कपाटात आहे. मागे आरतीचं तबक तयार दिसतंय, तेव्हा थांबतो. प्रसादाला जाताना उजवीकडे नळ आहे, कार्यकर्त्यांनी साबण ठेवला आहे.